मुदत संपलेला विशेषज्ञ

अमेरिकेत वैद्यकीय व्यवसायाचा परवाना देण्याचा अधिकार त्या त्या राज्याच्या शासकीय मंडळाकडे असतो. परंतु परवानाधारक डॉक्टर हृदयरोगाचा तज्ज्ञ आहे की भूलशास्त्राचा, हे ठरविणारी मंडळे शासकीय नाहीत. व्यवसायातीलच मंडळींनी उभारलेल्या त्या खाजगी संस्था आहेत. नेत्रवैद्यकाचे पहिले मंडळ १९१६ साली निघाले, १९३३ मध्ये या मंडळांची शिखर संस्था अस्तित्वात आली आणि आज तिच्या छत्राखाली २४ मंडळे आहेत. त्यांचे प्रमाणपत्र कायद्याने ऐच्छिक आहे. मात्र कित्येक रुग्णालये त्यावाचून डॉक्टरला आपल्या खाटांपर्यंत येऊ देत नाहीत, आणि विमा कंपन्याही ते असल्यावाचून आपल्या यादीत त्याचे नाव घालण्यास पुष्कळदा तयार नसतात. ज्या गोष्टीवाचून रोजगार मिळत नाही तिला ऐच्छिक म्हणणे, हा शब्दांचा खेळ झाला.

हे प्रमाणपत्र एकदा मिळाले की जन्मभर पुरे, असा पूर्वी बहुतेक शाखांत प्रघात होता. १९६९ साली स्थापन झालेल्या कुटुंबवैद्यकाच्या मंडळाने तो प्रथम मोडला व ठराविक मुदतीनंतर फेरपरीक्षा सक्तीची केली. शल्यचिकित्सकांच्या मंडळाने १९७६ पासून आणि आकाराने सर्वांत मोठ्या अशा अंतर्वैद्यकाच्या मंडळाने १९९० पासून दहा वर्षांची मुदत घातली. गंमत अशी की, १९९० पूर्वी प्रमाणित झालेल्या अंतर्वैद्यकतज्ज्ञांचे आजीव प्रमाणपत्र अबाधित राहिले. ज्ञान शिळे होते म्हणून मुदत हवी, हा मंडळाचा युक्तिवाद. तो निराधारही नाही. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात ६२ अभ्यास तपासले गेले, आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक अभ्यासांत व्यवसायाची वर्षे वाढत गेली तशी कामगिरी खालावत गेल्याचे आढळले. मग ज्यांना परीक्षेची गरज सर्वाधिक त्या ज्येष्ठांनाच सूट कशी, याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही. नियम करणारी पिढी आणि नियम पाळणारी पिढी वेगळी असली की असे होते.

परतीची वाट

प्रमाणपत्राची मुदत टळते ती केवळ अज्ञानामुळे नव्हे. कोणी मुलांच्या संगोपनासाठी काही वर्षे थांबलेली असते, कोणी प्रशासनात किंवा संशोधनात गेलेला असतो, कोणी आजारी पडतो, तर कोणी शुल्काचा आणि अटींचा वैताग येऊन नूतनीकरण सोडून देतो. अंतर्वैद्यकाच्या मंडळाच्या नियमांनुसार अशा डॉक्टरला दोन वाटा आहेत. एक, पूर्वीच्याच पद्धतीची दीर्घ परीक्षा उत्तीर्ण होणे व सोबत पाच वर्षांत शंभर गुणांचे शैक्षणिक काम दाखविणे. दुसरी वाट २०२२ पासूनची. दर तिमाहीस तीस प्रश्न घरी बसून, पुस्तके उघडी ठेवून, प्रत्येकी चार मिनिटांत सोडवायचे, आणि पाच वर्षांतील सहाशेपैकी किमान पाचशे प्रश्न हाताळायचे. ज्याचे प्रमाणपत्र चालू आहे त्याला ही दुसरी वाट निश्चितच सोयीची, कारण त्या काळात त्याचा दर्जा कायम राहतो. ज्याची मुदत संपली आहे त्याला मात्र पाच वर्षांचे चक्र पुरे करून अपेक्षित पातळी गाठल्यावरच प्रमाणपत्र परत मिळते. तोवर त्याने रुग्णालयाला काय सांगायचे? नोकरीची निकड असलेल्याला दीर्घ परीक्षेवाचून गत्यंतर उरत नाही. म्हणजे सुधारणेचा लाभ आत असलेल्यांना झाला, बाहेर पडलेल्यांसाठी उंबरठा जवळजवळ पूर्वीइतकाच उंच राहिला.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने यातील खरी किंमत शुल्काची नाहीच. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार अंतर्वैद्यकतज्ज्ञाला प्रमाणपत्र चालू ठेवण्यासाठी दहा वर्षांत सरासरी २३,६०७ डॉलर पडतात आणि त्यांपैकी सुमारे नऊ-दशांश भाग त्याने खर्च केलेल्या वेळाचा असतो. हा वेळ येतो कोठून? काही त्याच्या रात्रींमधून, आणि काही रुग्णांच्या वाट्यातून. मोठ्या शहरातील तज्ज्ञ तो सोसू शकतो, कारण शेजारी दुसरा तज्ज्ञ असतो. आडगावी एकटाच असलेला डॉक्टर अभ्यासाला बसला, किंवा कंटाळून निवृत्त झाला, तर तेथील रुग्णाला शंभर मैलांचा प्रवास पडतो. या हिशेबाची नोंद कोणत्याही मंडळाच्या ताळेबंदात होत नाही.

केनेथ अॅरो यांनी १९६३ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखविले होते की, वैद्यकीय सेवेत ग्राहकाला मालाची परीक्षा करता येत नाही. त्यामुळे विश्वासाच्या काही संस्था आवश्यकच ठरतात. त्याच्या आदल्या वर्षी मिल्टन फ्रीडमन यांनी परवाना व प्रमाणपत्र यांत भेद करून, अशा व्यवस्था अखेर व्यवसायाच्याच हिताच्या होतात असा इशारा दिला होता. या वादात दोघांचेही म्हणणे खरे ठरते आहे. रुग्णाला खूण हवी आहे, हे खरे. पण खूण विकणाराच तिची मुदत ठरवितो, हेही तितकेच खरे. त्यातून निष्पन्न काय होते हे पाहावे, तर २०१४ मधील दोन अभ्यासांनी फारसे हाती लागू दिले नाही. मुदतीचे व आजीव प्रमाणपत्र असलेल्यांत सेवेच्या दर्जाचा ठळक फरक दिसला नाही. एका अभ्यासात खर्चवाढ किंचित कमी आढळली, एवढेच.

असंतोष इतका वाढला की २०१५ च्या फेब्रुवारीत अंतर्वैद्यकाच्या मंडळाला जाहीर माफी मागावी लागली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातील हृदयरोगतज्ज्ञ पॉल टीअरस्टीन यांच्या पुढाकाराने प्रतिस्पर्धी मंडळ निघाले. त्याने फेरपरीक्षा काढून टाकली आणि शिक्षणाच्या तासांवर भर दिला. काही डॉक्टर न्यायालयातही गेले. मूळ प्रमाणपत्र आणि त्याचे नूतनीकरण या दोन वेगळ्या वस्तू असून एकीच्या बळावर दुसरी गळ्यात बांधली जाते, असा त्यांचा दावा होता. अपील न्यायालयाने २०२१ मध्ये तो फेटाळला. शिखर संस्थेच्या २०२४ पासून लागू झालेल्या नियमांनी प्रत्येक मंडळाला प्रमाणपत्र परत मिळविण्याची रीत ठरवून देण्याचे बंधन घातले आहे. ती रीत सुसह्य असावी की नाही, हे अर्थात मंडळांवरच सोपविले आहे.

या प्रकाराकडे दुरून पाहणाऱ्या मराठी वाचकाने स्वस्थ राहण्याचे कारण नाही. आपल्याकडे एम. डी. ही विद्यापीठाची पदवी असल्याने ती कधीच संपत नाही. नोंदणीच्या नूतनीकरणासाठी महाराष्ट्रात पाच वर्षांत तीस श्रेयांकांची अट आहे. पण परिषदेला हजर राहिल्याने श्रेयांक मिळतात आणि त्या हजेरीतून डॉक्टर काय शिकला याची परीक्षा कोणी घेत नाही. अमेरिकेने दाराला कडी इतकी घट्ट लावली की परतणाऱ्याला पाच वर्षे ओट्यावर बसावे लागते. आपल्याकडे दाराला कडीच नाही, आणि तीस वर्षांपूर्वीच्या ज्ञानावर औषध लिहून देणारा डॉक्टर कोणता, हे खिडकीशी रांगेत उभ्या असलेल्या रुग्णाला कळण्याचा मार्ग नाही.