पत्ता आधी, तिकीट मागाहून

बारावीचा निकाल लागतो, नीट-सीईटीचे गुण हाती येतात आणि आपल्या घरांत एकच विषय सुरू होतो. कुठे नंबर लागेल, फी किती, सोडायला कोण जाणार? नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर, अक्कलकुवा इथून दरवर्षी मुलंमुली बाहेर पडतात. कुणी शिकायला पुण्या-नाशिकला, कुणी कामधंद्याला सुरत-मुंबईला. मग बॅग भरली जाते. अम्मी लाल मिरचीची पूड, लोणचं, चिवडा बांधून देतात. अब्बू दाखले आणि झेरॉक्सची फाईल दोनदा तपासतात. दादी जानमाज ठेवली का, ते विचारतात. सगळं मोजून होतं. राहायचं कुठे, हा प्रश्न मात्र "गेल्यावर बघू" यावर सुटतो.

या महिन्यात आम्हाला एवढंच सांगायचं आहे की ते गेल्यावर बघायचं काम नाही. तिकिटाआधी पत्ता हवा. पत्ता म्हणजे नुसती खोली नव्हे. पहिला महिनाभर ज्याच्या दारावर रात्री दहा वाजताही थाप मारता येईल असं एक माणूस त्या शहरात हवं.

बाहेर पडणं आपल्या जिल्ह्याला नवीन नाही. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा गुजरातच्या कुशीतच आहे. नवापूरचं स्टेशन तर अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. बाकड्याच्या मधोमध हद्दीची खूण आहे आणि गाडीची घोषणा चार भाषांत होते. अक्राणी-अक्कलकुव्याच्या डोंगरातली आदिवासी कुटुंबं ऊसतोडीला दरवर्षी गुजरातेत उतरतात. सुरतेच्या उधना, लिंबायत, डिंडोली भागांत खानदेशी माणसाची इतकी वस्ती आहे की गल्लीत अहिराणी ऐकू येते.

म्हणूनच आपला पोरगा सुरतेला निघाला तर घरात कुणाची झोप उडत नाही. रेल्वेने काही तासांचा रस्ता आहे, हे एक कारण. खरं कारण वेगळं आहे. तिथे कुणाचे तरी मामू असतात, खालाचा दीर असतो, गल्लीतला जुना शेजारी असतो. पहिल्या रात्री जेवण त्यांच्याकडे, आठ दिवस झोपायला त्यांच्याकडे, खोली त्यांच्या ओळखीने. पुण्याचं तसं नाही. रात्रीच्या बसने पोरगं सकाळी स्वारगेट-शिवाजीनगरला उतरतं आणि त्याच्याजवळ कॉलेजचं नाव सोडून त्या शहरातलं दुसरं काही नसतं. शहर जवळ की लांब, हे किलोमीटरवर ठरत नाही. तिथे आपलं कोण आहे, यावर ठरतं.

त्यात वेळ थोडा. प्रवेशाच्या फेरीत जागा मिळाली की कॉलेजात हजर व्हायला मोजकेच दिवस मिळतात. वसतिगृहाची यादी वेगळी लागते, तीही बहुधा नंतर. मधल्या दिवसांत खोली शोधायची. फोन लावले की उत्तरं ठरलेली: फॅमिलीलाच देतो, बॅचलर नको, नॉनव्हेज चालणार नाही. आणि आपल्या मुलांना त्यापुढचा एक प्रश्न असतो, "नाव काय?" नाव सांगितलं की कधी कधी सकाळी रिकामी असलेली खोली दुपारी "कालच गेली" होते.

हे सगळीकडे होतं असं आम्ही म्हणणार नाही. नाव विचारून, चहा पाजून किल्ली हातात देणारे घरमालकही आहेत, आणि आपल्या वर्गमित्राला खोली मिळावी म्हणून स्वतःच्या मालकाशी भांडणारी मुलंही आहेत. पण होतं हे खरं, आणि अठरा वर्षांचं पोर ते पहिल्यांदा ऐकतं तेव्हा सोबत कुणी नसतं. मग ते घरी सांगत नाही. कोंढव्यात नाहीतर मुंब्र्यात, कॉलेजपासून लांब, जिथे मिळेल तिथे जागा घेतं आणि रोजचे दोन-तीन तास बस-लोकलमध्ये घालवतं. पहिल्या सत्रात विषय राहिला की आपण म्हणतो, शहराची हवा लागली.

म्हणून निघण्याआधी मुलाला हे सरळ सांगा. कडवटपणा पेरायचा नाही, पावसाळ्यात छत्री द्यावी तसं सांगायचं: बेटा, नकार येतील, काही कडू लागतील, तो तुझा दोष नाही, शोधायला आठवडा लागेल, तेवढे दिवस थांबायची सोय आपण केली आहे. ही सोय करणं मोठ्यांचं काम आहे.

नव्या शहरात एकट्या आलेल्या तरुणाची काळजी कशी घ्यायची, हे आपल्याला कुठून शिकून यायची गरज नाही. मदिनेत प्रेषितांच्या (स.) मशिदीला लागून सुफ्फा होता. ज्यांना त्या शहरात घर नव्हतं, कुटुंब नव्हतं, ते तिथे राहत, शिकत, आणि मदिनेचे लोक त्यांच्या जेवणाची काळजी घेत. यमनहून आलेले हजरत अबू हुरैरा (रजि.) त्यांच्यातलेच. मक्का सोडून आलेले हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांना हजरत साद बिन रबी (रजि.) यांनी आपली अर्धी मालमत्ता देऊ केली. त्यांनी दुआ दिली आणि बाजाराचा रस्ता तेवढा विचारला. पुढे तूप-पनीर विकून ते उभे राहिले. हा प्रसंग आपण बहुतेक वेळा स्वाभिमानाचं उदाहरण म्हणून सांगतो. त्यातला दुसरा भाग विसरतो. रस्ता विचारायला दार होतं, दारात माणूस होता, म्हणून तो स्वाभिमान टिकला.

आपल्या राज्यातही हे घडलेलं आहे. मुंबईत आलेल्या गोव्याच्या तरुणांसाठी त्यांच्या गावांनी धोबीतलाव, माझगाव भागांत 'कूड' उभे केले. एकेका गावाची एकेक जागा, एक पेटी आणि झोपण्यापुरती जमीन, भाडं अगदी थोडं, संध्याकाळी सर्वांची मिळून प्रार्थना. बोटीवर जाणारे कितीतरी खलाशी दोन सफरींच्या मध्ये तिथेच राहिले. कोकण-घाटावरचे गिरणी कामगार गावकीच्या खोल्यांत दाटीवाटीने राहत आणि खानावळीत जेवत. त्या खानावळी चालवणाऱ्या बायकांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. ही श्रीमंत माणसं नव्हती. पण आपल्या गावचं पोर पहिल्या रात्री फुटपाथवर झोपणार नाही, एवढं त्यांनी ठरवलं होतं.

आपल्या जमातींना हे झेपणार नाही का? लग्नाच्या एका वलीम्यात जेवढा खर्च होतो, त्याच्या थोड्या भागात काम भागतं. सुरुवात वहीपासून करा. पुणे, नाशिक, मुंबई, सुरत, छत्रपती संभाजीनगर अशी शहरांची पानं पाडा आणि आपल्या मुहल्ल्याचं कोण कुठे आहे, त्यांना विचारून, त्यांची नावं आणि फोन नंबर लिहा. नर्स, शिक्षक, गॅरेजवाले, बँकेतले, शेवटच्या वर्षाला असलेली मुलं, सगळे. प्रत्येक पानावर निदान दोन नावं हवीत. बरीच पानं अपेक्षेपेक्षा लवकर भरतील. जे पान कोरं राहील, तिथे जाणाऱ्या मुलासोबत मोठं माणूस आठवडाभर गेलं पाहिजे.

दुसरी गोष्ट डिपॉझिट. महिन्याचं भाडं मुलं वाटून घेतात. एकदम द्यायच्या डिपॉझिटलाच घर अडतं, आणि मग नड पाहून कुणी व्याजाने पैसे देतो. हे पैसे कर्जे-हसना म्हणून द्यायला सर्वांत सोयीचे आहेत, कारण ते संपत नाहीत. मूल खोली सोडतं, डिपॉझिट परत येतं, पुढच्या मुलाला मिळतं. दहा घरांनी मिळून एकदा ठेवलेली रक्कम वर्षानुवर्षं फिरत राहू शकते. हिशेब मशिदीच्या नोटीस बोर्डावर लावा, म्हणजे तोंडं वाकडी होणार नाहीत.

आता कागदाचं. "कॉट बेसिस"वर जागा घेताना मुलं घाईत पैसे देतात आणि पावती घेत नाहीत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणी केलेला असला पाहिजे, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. करार साधारण अकरा महिन्यांचा असतो. डिपॉझिट किती, परत केव्हा, सोडायची सूचना किती दिवस आधी, वीजबिल कुणाचं, या चार ओळी मुलाने स्वतः वाचाव्यात. पैसे रोख देऊ नयेत, बँकेतून किंवा फोनवरून द्यावेत, म्हणजे नोंद राहते. पहिल्याच दिवशी खोलीच्या भिंती, नळ, पंखा यांचे फोटो काढून मालकाला पाठवावेत. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्यावी लागते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. उलट नाव नोंदलेलं असणं आपल्या मुलांच्या फायद्याचं आहे.

मुलींच्या बाबतीत आमचं बोलणं थोडं कडक वाटलं तरी ऐकून घ्या. गुण मुलीला जास्त, नंबर तिचा चांगल्या कॉलेजात, आणि घरात निर्णय होतो, "राहायची सोय नाही, इथेच बी.ए. कर." मुलगा असता तर हीच सोय आपण शोधली असती. सोय नाही, हा आपल्या बंदोबस्ताचा तुटवडा आहे. त्याची किंमत तिने का द्यावी? कॉलेजच्या वसतिगृहाचा अर्ज प्रवेशाच्या दिवशीच भरा. राज्याच्या अल्पसंख्याक विकास विभागाची मुलींची वसतिगृहं अनेक जिल्ह्यांत आहेत, त्यांची चौकशी निकालाच्या आधीच करून ठेवा. नोकरीला लागलेल्या मुलीसाठी केंद्र सरकारच्या योजनेतली 'सखी निवास' ही नोकरदार महिलांची वसतिगृहं आहेत. अम्मीने स्वतः जाऊन बघावं: रात्री दाराशी कोण असतं, आजारी पडली तर दवाखान्यात कोण नेतं, कॉलेजपासून रस्त्यावर दिवे आहेत का. ही उत्तरं समाधानाची मिळाली तर मग "लोक काय म्हणतील" हा प्रश्न यादीतून काढून टाका.

आणि फोन. दिवसातून सहा वेळा "कुठे आहेस" विचारून मूल सांभाळलं जात नाही. ते फक्त खोटं बोलायला शिकतं. रोज एकदा, ठरल्या वेळी, निवांत बोला. नमाज आणि अभ्यास विचाराच, पण त्याआधी जेवलास का, काय जेवलास, खोलीत सोबत कोण आहे हेही विचारा. पहिला ताप, हरवलेलं पाकीट, राहिलेला विषय, यातलं काही त्याने स्वतःहून सांगितलं तर त्या फोनवर रागवू नका. पहिल्या वेळी ओरडा खाल्लेलं मूल दुसऱ्या वेळी सांगत नाही, आणि खरी संकटं बहुधा दुसऱ्या वेळीच येतात.

इथवर आपण जाणाऱ्यांचं बोललो. पण नंदुरबार हेसुद्धा कुणाचं तरी नवं शहर आहे. २०२० पासून इथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू आहे आणि बाहेरगावची मुलं शिकायला येतात. बदलीवर आलेल्या नर्स, शिक्षिका, बँकेचे तरुण कारकून येतात. अक्कलकुव्यात तर शेजारच्या सुरत जिल्ह्यातून आलेल्या मौलाना गुलाम मुहम्मद वस्तानवी यांनी १९७९ मध्ये मोजक्या विद्यार्थ्यांवर जामिया इस्लामिया इशाअतुल उलूम सुरू केली. आज देशाच्या कानाकोपऱ्यातली मुलं तिथे आहेत, मदरशातही आणि तिथल्या इतर कॉलेजांतही. ४ मे २०२५ रोजी मौलानांचं निधन झालं. आपल्या डोंगराळ तालुक्यात परक्या मुलांना छप्पर आणि ताट मिळू शकतं, हे त्यांनी दाखवून दिलं होतं.

मग आपल्या गल्लीत वरची खोली रिकामी असताना, लातूरचा किंवा गडचिरोलीचा एखादा मुलगा दारात येऊन विचारतो, तेव्हा आपण काय म्हणतो? "फक्त फॅमिली" ही पाटी आपल्याही मुहल्ल्यांत आहे. आदिवासी पाड्यावरून आलेल्या मुलीला आडनाव विचारून परत पाठवणारं घर आपल्यातही सापडेल. पुण्यात आपल्या मुलाला जे ऐकावं लागू नये असं वाटतं, ते आपल्या उंबऱ्यावर दुसऱ्याच्या मुलाने ऐकता कामा नये. करार करा, नियम सांगा, ओळखपत्र बघा, भाडं रास्त घ्या. पण नाव ऐकून खोली "कालच गेली" म्हणू नका. ईदला त्याला शिरखुर्मा पाठवा. दिवाळीला तो घरी जाऊ शकला नाही, तर जेवायला बोलवा.

येत्या जुम्याला नमाजनंतर दहा मिनिटं बसून वहीचं पहिलं पान सुरू करता येईल. बहिणींनी आपली वही वेगळी ठेवावी. कुठल्या शहरात कुणाची मुलगी कुठे सुखरूप राहते आहे, याची पक्की माहिती पुरुषांपेक्षा त्यांच्याकडेच जास्त असते. ज्या मुहल्ल्यात अशी वही आधीपासून आहे, त्यांनी ती कशी चालवली ते आम्हाला लिहून कळवावं. पुढच्या प्रवेशांच्या आधी, इन्शाअल्लाह, ते याच पानावर छापू.