ऑप्शन फॉर्म भरण्याआधी

सीईटीचा निकाल लागला की घरोघरी एकच हिशेब सुरू होतो: एवढ्या पर्सेंटाइलला इंजिनिअरिंगचं कोणतं कॉलेज, कोणती ब्रँच? कॉम्प्युटर मिळत असेल तर कॉम्प्युटर, नाही तर आयटी, तेही नाही तर ईएनटीसी. मेकॅनिकल आणि सिव्हिल सगळ्यांत शेवटी. गेल्या वर्षीच्या कटऑफवरून ही उतरंड ठरते. त्या ब्रँचचं काम आपल्याला जमेल का, आवडेल का, हे कुणी विचारत नाही.

पर्सेंटाइलवरून ते कळणारही नाही. सीईटीत गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात. एका प्रश्नाला धड दोन मिनिटंही नाहीत. अडलं तर सोडा आणि पुढे चला, असं क्लासमध्ये शिकवतात आणि परीक्षेपुरतं ते बरोबरच आहे. इंजिनिअरला मात्र अडलेलं काम सोडून पुढे जाता येत नाही. एका चुकीमागे त्याचे दोन दोन दिवस जातात. तुमच्यात ती चिकाटी आहे का, हे तुमचं तुम्हालाच तपासावं लागेल.

कॉम्प्युटरकडे ओढा असेल तर सुट्टीतले दोन आठवडे द्या. पायथन फुकट मिळतं, जुना लॅपटॉपही चालतो. घरच्या दुधाच्या हिशेबाचा प्रोग्राम लिहा. रोज एक लिटर, ठरलेला भाव, महिन्याचं बिल. हे लवकर जमेल. मग खरा महिना घ्या: चार दिवस गावाला गेलात, पाहुणे आले म्हणून जास्तीचं दूध घेतलं, मध्येच भाव वाढला. आता प्रोग्राम चालेल, कुठलीही एरर येणार नाही, पण बिल चुकलेलं असेल. चूक नेमकी कुठे झाली, हे तुम्हालाच हुडकायचं आहे. वैताग सगळ्यांनाच येतो, त्याला घाबरू नका. दुसऱ्या दिवशी कुणी न सांगता तुम्ही परत त्या चुकीपाशी बसता का, एवढंच बघा. बसत असाल तर ही ब्रँच तुमची आहे. मोबाइल सफाईने हाताळता येणं किंवा गेम खेळता येणं, याचा इथे काही संबंध नाही.

मेकॅनिकलसाठी ओळखीतून एखाद्या वर्कशॉपमध्ये, सिव्हिलसाठी बांधकामाच्या साइटवर दोन-चार दिवस काढा. तिथल्या इंजिनिअरला पगार नंतर विचारा. आधी विचारा, काल दिवसभर काय केलंत?

मराठी माध्यमातल्या मुलांनी इंग्रजीच्या धास्तीने मागे हटू नये. कामापुरतं इंग्रजी वर्षभरात येतं. मुलींना ‘मेकॅनिकल तुमचं नाही’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. गणिताचा मनापासून कंटाळा असेल तर मात्र नीट विचार करा, कारण पहिल्याच वर्षी एम-वन, म्हणजे इंजिनिअरिंगच्या गणिताचा पहिला पेपर, समोर येतो आणि केटीची, म्हणजे विषय मागे राहण्याची, सुरुवात बहुधा तिथूनच होते.

आईवडिलांना कळकळीची विनंती आहे. दोन आठवड्यांनंतर मूल ‘हे माझं नाही’ म्हणालं, तर त्याला आळशी म्हणू नका. बीएस्सी, कॉमर्स, डिझाइन, शेती, सगळे रस्ते तेव्हा मोकळे असतात. तिसऱ्या वर्षी, डोक्यावर शैक्षणिक कर्ज असताना, हेच वाक्य ऐकायची वेळ येऊ देऊ नका.