बाईंची बदली आणि आपली पोरं

जून महिना जवळ आला की आमच्या मावळातल्या बायकांच्या बोलण्यात दोन विषय हमखास असतात. एक म्हणजे पाऊस वेळेवर येईल का, आणि दुसरा म्हणजे शाळेवर यंदा कोण येणार. आमच्या बाई गेल्या, नवे सर आले म्हणतात, अजून कुणी आलंच नाही... पंचायत समिती आमच्या वडगावात असल्यामुळे बदल्यांची बातमी आधी इथे येते आणि मग ती आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळात पसरते. बाईंना फोन जातात, ‘बाई, तुमचं नाव यादीत आहे का हो?’ बाईंनाही धड ठाऊक नसतं!

बदली ही सरकारी नोकरीत नवी गोष्ट नाही. पण जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांमध्ये ती कशी होते, हे आपल्यापैकी फार थोड्या जणींना माहीत असतं. आपण फक्त ‘वरून ऑर्डर आली’ एवढंच ऐकतो. म्हणून आधी ते समजून घेऊ.

पूर्वी बदल्या समुपदेशनाने व्हायच्या. म्हणजे शिक्षकांना बोलवायचं, रिकाम्या जागा दाखवायच्या आणि ज्येष्ठतेप्रमाणे निवड करू द्यायची. कागदावर ठीकच होतं, पण चिठ्ठ्या, शिफारशी, पुढाऱ्यांचे फोन यांची चर्चा कायम असायची. ज्याचं कुणी नाही, त्याच्या वाट्याला घाटमाथ्याची शाळा. २७ फेब्रुवारी २०१७ रोजी सरकारने नवं धोरण काढलं आणि बदल्या संगणकावर गेल्या. ७ एप्रिल २०२१ रोजी ते सुधारलं, २०२४ मध्ये पुन्हा बदललं. पण मूळ चौकट तीच राहिली. पाऊस, डोंगर, रस्ता, मोबाईलची रेंज असे निकष लावून शाळा ‘अवघड’ आणि ‘सर्वसाधारण’ अशा दोन क्षेत्रांत वाटायच्या. शिक्षकांचे चार संवर्ग करायचे. पहिल्यात गंभीर आजारी, अपंग, विधवा, परित्यक्ता, वयाने मोठे असे शिक्षक. दुसऱ्यात पती-पत्नी एकत्रीकरण, म्हणजे नवरा एका टोकाला आणि बायको दुसऱ्या टोकाला नोकरीला असेल तर त्यांना जवळ आणायचं. तिसऱ्यात अवघड क्षेत्रात ठरावीक वर्षं काढलेले. आणि चौथ्यात सोप्या क्षेत्रात बरीच वर्षं झाली म्हणून आता उठायची पाळी आलेले. वरच्या संवर्गातल्या शिक्षकाने एखादी शाळा मागितली आणि तिथला शिक्षक बदलीपात्र असला, की त्याला उठावं लागतं. शिक्षक मंडळी याला ‘खो’ म्हणतात. अगदी खो-खोतला खो!

मला हे धोरण सरसकट वाईट वाटत नाही. विशेषतः बाई माणसाच्या बाजूने पाहिलं तर अजिबातच नाही. पावसाळ्यात धरणाच्या पलीकडच्या वाडीवर जायचं, एसटी एकच, ती चुकली तर पायपीट. घरी लहान मूल, सासूचं आजारपण, नवऱ्याची नोकरी चिंचवडला किंवा त्याहून लांब. अशी बाई दहा वर्षं ते सोसते आणि मग तिला तळेगाव-कामशेतच्या आसपास यावंसं वाटलं, तर त्यात तिचं काय चुकलं? पूर्वी ओळख नसली तर तिला कुणी विचारलंही नसतं. आता निदान नियम आहे, त्यावर बोट ठेवून बोलता येतं. जुन्या पद्धतीकडे परत जा असं म्हणणाऱ्यांत मी नाही.

पण हे चारही संवर्ग नीट पाहा. सगळे शिक्षकांचे आहेत. शिक्षकाचं वय, आजार, संसार, सेवेची वर्षं, सगळं मोजलेलं आहे आणि ते मोजायलाही हवं. पण या शाळेने गेल्या पाच वर्षांत किती माणसं बदललेली पाहिली, इथली पहिलीची मुलं नुकती अक्षरं जोडायला लागली आहेत का, हे मोजणारा रकानाच नाही. मुलांचा संवर्ग कुठला?

शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक असतात. मावळातल्या वाड्यावस्त्यांवर अशा दोनशिक्षकी शाळा भरपूर. तिथे एक बदली झाली म्हणजे ‘एक शिक्षक गेला’ असं नसतं, अर्धी शाळा गेली असं असतं. दोघांची झाली तर इमारत तेवढी जुनी उरते. त्यात प्रक्रिया लांबली तर आणखी गोंधळ. २०२५ च्या बदल्या शाळा सुरू झाल्या तरी संपलेल्या नव्हत्या. मुलं एका बाईंच्या हाताखाली ‘श्रीगणेशा’ करणार आणि पुढचं दुसऱ्याच कुणाच्या.

नुसती शिकवणारी व्यक्ती बदलली तर एवढं काय बिघडतं, असं कुणी विचारेल. अभ्यासक्रम तोच, पुस्तक तेच. पण शाळा पुस्तकावर चालत नाही, हे आपल्याला घरात बसून कळतं. कुठलं पोर कानाने अधू आहे म्हणून पहिल्या बाकावर बसवायचं, कुणाचा बाप वीटभट्टीवर जातो म्हणून दिवाळीनंतर ते पोर गायब होणार, कुणाला मोठ्याने ओरडलं की ते बोलायचंच बंद होतं, हे बाईंच्या डोक्यात असतं. मावळात ठाकर आणि कातकरी वस्त्या आहेत. त्यांच्या पोरांची घरची बोली वेगळी. ती समजून घ्यायला नव्या शिक्षकाला वर्ष जातं. पवित्र पोर्टलमधून २०२४ साली जे तरुण शिक्षक भरती झाले, त्यांतले कितीतरी आपल्या जिल्ह्यापासून दूर नेमले गेले. मराठवाड्यातला मुलगा मावळच्या पावसात येऊन पडला, तर आधी त्यालाच सावरायला वेळ लागतो. पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून १६ हजार रुपये मानधन. त्यात खोलीभाडं, खाणावळ आणि गावी पाठवायचे पैसे. तो पहिल्या संधीला गावाकडे जायचा प्रयत्न करणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

अमेरिकेत रॉनफेल्ट, लोब आणि वायकॉफ या तीन अभ्यासकांनी न्यूयॉर्क शहरातल्या चौथी-पाचवीच्या मुलांची आठ वर्षांची माहिती तपासून २०१३ साली निष्कर्ष मांडले. ज्या इयत्तांमध्ये शिक्षक जास्त बदलले, तिथली मुलं भाषा आणि गणित दोन्हींत मागे पडली. गंमत (गंमत कसली!) अशी की ज्या मुलांच्या स्वतःच्या बाई जागेवरच राहिल्या होत्या, त्यांचंही नुकसान झालं. आणि जिथे आधीच कच्ची मुलं जास्त, तिथे फटका मोठा. न्यूयॉर्क कुठे आणि नाणे मावळ कुठे, पण हे वाचून मला नवल वाटलं नाही. चारजणी मिळून चालवत असलेल्या बचत गटातून दोघी गेल्या तर उरलेल्या दोघींचं काम बिघडतंच की.

आता चार्ज देण्याघेण्याची गोष्ट. गुरुजी किंवा बाई सुटतात तेव्हा चार्ज यादी होते. दाखल-खारीज रजिस्टर, हजेरी, कॅशबुक, जडवस्तूंची नोंदवही, तांदळाचा साठा, टेबल-खुर्च्या, असलाच तर टीव्ही. एकेक वस्तू मोजून सही होते. तांदूळ दोन किलो कमी भरला तर जाब विचारतात. पण सखू दोन अंकी वजाबाकीत हातचा घ्यायला अडखळते, हे कुठल्या यादीत लिहितात? जाणारी व्यक्ती मनाने चांगली असेल तर चार गोष्टी तोंडी सांगते. नसेल तर नव्या बाईंची पाटी कोरी. सखूची तर असतेच.

मुख्याध्यापकाचं दुखणं याहून निराळं. कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत १५० च्या वर मुलं असतील तरच स्वतंत्र मुख्याध्यापक. म्हणजे आपल्या वाडीवरच्या शाळेत पूर्णवेळ मुख्याध्यापक नाहीच. जो ज्येष्ठ, त्याच्याकडे प्रभार. तोच शिकवणार, तोच पोषण आहाराच्या नोंदी ठेवणार, ऑनलाईन माहिती भरणार, वडगावला मीटिंगला जाणार. हा प्रभार कुणालाच नको असतो. विशेषतः बायका तो टाळतात, आणि मला त्यांचा राग येत नाही. संध्याकाळी घरी जाऊन दुसरी पाळी करायची असते ना! पण मग शाळेला धनी कोण?

त्यातच १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. सेवेची पाच वर्षांहून जास्त उरलेल्या जुन्या शिक्षकांनीही दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, उत्तीर्ण व्हायची; आणि बढती हवी असेल तर ती लागणारच. म्हणजे मुख्याध्यापक होण्याच्या वळणावर आलेल्या पंचेचाळिशीच्या बाई आता मुलीच्या शेजारी बसून परीक्षेचा अभ्यास करताहेत. शिक्षकाची पात्रता तपासू नये असं मी म्हणणार नाही. पण वीस वर्षं शिकवल्यावर नोकरीची टांगती तलवार घेऊन वर्गात उभं राहणं सोपं नसतं.

चांगलं नेतृत्व मिळालं तर काय होतं, याचं उदाहरण आपल्याच पुणे जिल्ह्यात आहे. शिरूर तालुक्यातली वाबळेवाडीची जिल्हा परिषद शाळा दत्तात्रय वारे गुरुजींच्या काळात एवढी नावारूपाला आली की प्रवेशासाठी प्रतीक्षायादी लागायची. २०२१ मध्ये तक्रारी झाल्या, चौकशी लागली, गुरुजी निलंबित झाले. पुढे ते खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरला गेले. तिथे पटावर तीन मुलं उरली होती, शाळा बंद पडायच्या बेतात होती. गुरुजींनी गावाला बरोबर घेतलं, मोठ्या मुलांनी लहानांना शिकवायची पद्धत बसवली, आणि पट शंभरावर गेला. २०२५ मध्ये लंडनच्या टी-फोर एज्युकेशन या संस्थेच्या जगातल्या सर्वोत्तम शाळांच्या स्पर्धेत जालिंदरनगरला लोकांच्या मतांवर दिला जाणारा पुरस्कार मिळाला.

टाळ्या वाजवायलाच हव्यात. पण मला या कथेत एक काळजीही दिसते. एक माणूस आला की शाळा उभी राहते, तो गेला की गाव धास्तावतं. प्रत्येक वाडीला वारे गुरुजी कुठून आणायचे? आणि आणले तरी बदली त्यांनाही चुकत नाही.

जपानमध्ये सरकारी शाळांचे शिक्षक आणि मुख्याध्यापक ठरावीक वर्षांनी बदलतातच. पण तिथे शालेय वर्ष १ एप्रिलला सुरू होतं आणि बदल्या मार्चअखेर जाहीर होऊन त्याच दिवशी अमलात येतात. जायचं-यायचं ते वर्गात मुलं नसताना. म्हणजे बदली शत्रू नाही. ती कधी होते, एकाच वेळी किती जणांची होते आणि मागे काय ठेवून जाते, यावर सगळं आहे.

आणि आपल्या शाळेत न बदलणारं कुणीच नाही, असंही नाही हं. खिचडी शिजवणाऱ्या ताई तिथेच असतात, गुरुजी चार बदलले तरी. कुठलं पोर सोमवारी उपाशी येतं, हे त्यांना विचारा. अंगणवाडीच्या ताई पोराला तीन वर्षांचं असल्यापासून ओळखतात. आणि आपण, आया. कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य बायका असायला हव्यात. मुख्याध्यापक तिथे सचिव असतात, अध्यक्ष पालकांमधून होतो. शाळा विकास आराखडा करण्याचं कामही कायद्याने समितीलाच दिलंय. पण बऱ्याच ठिकाणी आपण सहीपुरत्या असतो. घरी रजिस्टर येतं, चूल सोडून सही करतो, झालं.

मैत्रिणींनो, यंदाच्या पहिल्याच सभेला रजिस्टर घरी मागवू नका, शाळेत जा. बाई बदलणार असतील तर चार्ज यादीबरोबर एक साधी वही मागा. प्रत्येक मुलामागे तीन-चार ओळी : वाचतो कुठवर, गणितात अडतो कुठे, घरची अडचण काय. नव्या बाई रुजू झाल्या की खिचडीच्या ताई आणि अंगणवाडीच्या ताईंना त्यांच्यासमोर तासभर बसवा. दोनशिक्षकी शाळेतून दोघांनाही एकाच वेळी सोडलं जात असेल, तर एकजण हजर होईपर्यंत दुसऱ्याला सोडू नये असा ठराव करून गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी द्या आणि पोच घ्या. ठरावाने बदली थांबणार नाही, पण कागद फाईलला लागतो आणि कुणाला तरी त्याचं उत्तर द्यावं लागतं. कार्यालय वडगावातच आहे, लोकलच्या स्टेशनापासून फार लांब नाही. दोघी-तिघी मिळून आलात तर अर्ध्या दिवसात काम होतं.