आधी मोटार, मग कॅरॅव्हॅन
ब्रिटनमध्ये पहिल्यांदाच टूरिंग कॅरॅव्हॅन, म्हणजे मोटारीमागे ओढायचं फिरतं घर, घ्यायला निघालेलं कुटुंब आधी आत डोकावतं: झोपायची सोय कितीजणांची, ओटा केवढा, मुलं कुठे झोपणार. माझं कळकळीचं सांगणं आहे की त्याआधी स्वतःच्या मोटारीची कागदपत्रं उघडा. डिसेंबर २०२१ पासून तिथल्या साध्या मोटारीच्या लायसन्सवर ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो. पण कायद्याची मुभा म्हणजे तुमच्या मोटारीची ताकद नव्हे. कंपनीने ठरवलेली ओढण्याची मर्यादा पाळायचीच. शिवाय नवख्यांसाठी जाणकारांचा ठोकताळा असा की, सामानासकट कॅरॅव्हॅनचं कमाल वजन मोटारीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत असावं. मोटार १,६०० किलोची, तर कॅरॅव्हॅन १,३६० किलोपर्यंतची. यात गॅसची टाकी, भांडी, अंथरुणं, तंबू सगळं आलं. मोटार हलकी पडली, की शेजारून ट्रक जाताच मागचा डोलारा हेलकावे खाऊ लागतो आणि मोटारीलाही खेचतो. वजनाचं गणित जमलं, की मग आतल्या सोयीकडे वळा. कायमचा पलंग हवा असेल, तर कॅरॅव्हॅनची लांबी वाढते. रोज संध्याकाळी बैठकीचाच बिछाना करायची तयारी असेल, तर लहान कॅरॅव्हॅनही पुरते. डेव्हन-कॉर्नवॉलच्या अरुंद, दुतर्फा कुंपणांच्या रस्त्यांवर समोरून ट्रॅक्टर आला, की हीच लहान कॅरॅव्हॅन मागे घेताना हायसं वाटतं. म्हणून आधी एखादी भाड्याने घ्या, पावसाळी दोन रात्री सगळ्यांनी तिच्यात काढा, आणि मगच पैसे मोजा. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे इथे शब्दशः खरं आहे.