घाटाविना घाटवीर

बीदर आणि कलबुर्गी या सीमावर्ती जिल्ह्यांत सायकल शर्यतींचा विषय निघाला की एक मत सिद्धान्तासारखे मांडले जाते : या भागात घाट नाहीत, त्यामुळे टप्प्यांच्या शर्यतीत, म्हणजे रोज एक टप्पा याप्रमाणे अनेक दिवस चालणाऱ्या आणि सर्व टप्प्यांच्या एकूण वेळेवर निकाल ठरणाऱ्या शर्यतीत, चढावर टिकणारा स्वार येथे घडणार नाही. या मताला आणखी दोन उपमते चिकटलेली असतात. चढण्याचे अंग जन्मजात असते व ते विशीच्या आत दिसले नाही तर पुढे दिसत नाही, हे एक. आणि चढावर पायांतले बळच काय ते खरे, डावपेचांना तेथे वाव नाही, हे दुसरे. तिन्ही मतांत सत्याचा अंश आहे. मात्र त्यांवरून काढला जाणारा निष्कर्ष टिकत नाही.

पहिल्या मताला भूगोलच उत्तर देतो. बीदर शहर जांभ्या दगडाच्या पठारावर सुमारे ६६० मीटर उंचीवर वसले आहे, तर डेन्मार्क या अख्ख्या देशातील सर्वांत उंच नैसर्गिक ठिकाण १७१ मीटरचे आहे. त्याच डेन्मार्कच्या योनास विंगेगार्डने २०२२ आणि २०२३ मध्ये लागोपाठ टूर द फ्रान्स जिंकली, आणि त्यांतील पहिली तर आल्प्समधील ग्रानों व पिरेनीजमधील ओताकाम या खड्या चढांवर. समुद्रसपाटीपासूनची उंची म्हणजे चढ नव्हे, हा आक्षेप येथे रास्त ठरतो, कारण बीदरच्या पठाराच्या कडेवरून मांजरेच्या खोऱ्यात उतरणारे रस्ते परतताना काही मिनिटांचाच चढ देतात. पण चढणाऱ्याच्या शरीराकडून नेमके काय मागितले जाते, हे पाहिले की आक्षेपाची धार बोथट होते. साठ किलो वजनाचा स्वार आठ किलोच्या सायकलवरून आठ टक्क्यांचा चढ, म्हणजे दर शंभर मीटरला आठ मीटर उंची, ताशी १८ किलोमीटरने चढतो तेव्हा त्याला सुमारे ३०० वॉट शक्ती लागते आणि तीपैकी २६५ वॉटच्या आसपास केवळ गुरुत्वाकर्षणावर खर्च होते. म्हणूनच चढावरची ताकद शरीराच्या दर किलोमागे किती वॉट, या मापाने मोजतात. आषाढात नैर्ऋत्येचा वारा तोंडावर घेत हुमनाबादहून कलबुर्गीकडे निघालेला मुलगा तेच ३०० वॉट वीस मिनिटे टिकवीत असेल, तर त्याच्या हृदयाला आणि फुप्फुसांना पडणारे काम घाटातल्या कामाहून फारसे वेगळे नसते.

जे वेगळे असते ते मान्य केलेच पाहिजे. घाटात सायकलची गती पायडल थांबताच मरते, त्यामुळे पाय अखंड चालवण्याची सवय लागते. उतारावर वळण घेण्याचे कसब माळावर शिकता येत नाही आणि विरळ हवेची ओळखही होत नाही. मात्र यासाठी घाटाजवळ जन्मावे लागत नाही, घाटात काही आठवडे राहावे लागते. समुद्रसपाटीजवळच्या पोलादपुरातून सुमारे १,३५० मीटर उंचीच्या महाबळेश्वरापर्यंत जाणारा आंबेनळी घाट कलबुर्गीपासून एका रात्रीच्या प्रवासावर आहे. उणीव आहे ती वर्षातून दोन वेळा तेथे मुक्काम घडवून आणणाऱ्या योजनेची.

जन्मजात अंगाच्या आणि वयाच्या मताला तादेय पोगाचारचे उदाहरण दिले जाते, कारण २०२० ची टूर जिंकताना त्याला २२ वर्षे पुरी होण्यास एक दिवस उरला होता. परंतु हा स्वार थेट टूरमध्ये उतरला नव्हता. २०१८ मध्ये त्याने टूर द लाव्हनीर ही २३ वर्षांखालील स्वारांची टप्प्यांची शर्यत जिंकली आणि २०१९ मध्ये स्पेनच्या व्हुएल्टात तीन टप्पे जिंकून तिसरा क्रमांक मिळवला. २०१९ च्या टूरचा विजेता एगान बर्नाल हाही २०१७ च्या लाव्हनीरमधूनच वर आला. उलट प्रिमोझ रोग्लिच विशी ओलांडेपर्यंत बर्फावरच्या स्की-उड्या मारत होता आणि त्याने पहिली व्हुएल्टा २९ व्या वर्षी जिंकली. खुद्द विंगेगार्ड मोठ्या संघात येण्यापूर्वी पहाटे मासळीच्या कारखान्यात काम करून मग सरावाला जात असे. वयाच्या घाईचा खरा धोका ताटात दिसतो. किलोमागे वॉट वाढवण्याचा सोपा मार्ग म्हणून वाढत्या वयाचा मुलगा जेवण तोडतो, वजन उतरते, काही महिने वेळ सुधारल्यासारखी वाटते आणि मग हाडे, संप्रेरके आणि उमेद तिन्ही खचतात. ज्या कलबुर्गी जिल्ह्याची तूर देशभर नावाजलेली आहे, तेथील प्रशिक्षकाने भाकरी आणि वरण कमी करायला सांगण्याऐवजी सरावाच्या दिवशी ते वाढवायला सांगावे, हेच शास्त्राला धरून आहे.

डावपेचांविषयीचे मत तर ३१ मे २०२५ रोजी इटलीत उघडे पडले. जिरो या तेथील मोठ्या शर्यतीच्या विसाव्या टप्प्यावर मेक्सिकोचा २१ वर्षांचा इसाक देल तोरो आघाडीवर होता. दुसरा रिचर्ड कारापास ४३ सेकंदांनी मागे आणि तिसरा सायमन येट्स १ मिनिट २१ सेकंदांनी. शेवटचे आठ किलोमीटर कच्च्या रस्त्याचे असलेल्या फिनेस्त्रेच्या चढावर येट्स निसटला, तेव्हा देल तोरो आणि कारापास एकमेकांवर डोळा ठेवून राहिले आणि पाठलागाचा भार कोणी उचलायचा, या घोळात अंतर वाढत गेले. चढ ओलांडल्यावर येट्सचा सहकारी वाउट व्हान आर्ट पुढे थांबलेलाच होता आणि त्याने खोऱ्यात येट्सला वाऱ्याचा आडोसा देत ओढून नेले. देल तोरोने अखेर ३ मिनिटे ५६ सेकंदांनी शर्यत गमावली. पाय त्याचेही चढत होते, पण हिशेब चुकला. पोगाचारची २०२० ची टूरही याच अर्थाने बोलकी आहे. सातव्या टप्प्यावर आडव्या वाऱ्यात पुढच्या गटाची तिरकी रांग तुटली तेव्हा तो मागे सापडला आणि सपाट रस्त्यावर त्याचे ८१ सेकंद गेले. अंतिम विजयाचे अंतर ५९ सेकंदांचे होते. चढणाऱ्याची शर्यत घाटाइतकीच माळावरही ठरते आणि उघड्या माळाचा वारा या दोन जिल्ह्यांना कोणाकडून उसना आणावा लागत नाही.

यावरून मंडनाचा पक्ष स्पष्ट होतो. कलबुर्गीला लागून असलेल्या विजापूर आणि त्यापलीकडील बागलकोट या भागाने घाटाविनाच राष्ट्रीय पातळीवरचे अनेक सायकलपटू दिले, कारण तेथे वसतिगृह, प्रशिक्षक आणि सोबत चालवणारी मुले होती. बीदर–कलबुर्गीला अशा सोयींच्या जोडीला हवी आहे ती २३ वर्षांखालील मुलांची चार दिवसांची टप्प्यांची शर्यत : बीदरहून भालकीमार्गे उदगीर, बसवकल्याणहून उमरगा, आळंदहून अक्कलकोट आणि कलबुर्गीत समारोप. औरादचा मुलगा कर्नाटकाच्या संघात आणि पलीकडच्या उदगीरचा महाराष्ट्राच्या संघात, ही विभागणी १९५६ च्या राज्यपुनर्रचनेतून आली आहे आणि तिचा वाद न्यायालयात चालू आहे. पण पाच-पाच जणांच्या संघांना एका रस्त्यावर उतरवण्यासाठी त्या निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही. अशा शर्यतीत पहिल्या वर्षी मुलाने पाण्याच्या बाटल्या वाहाव्यात, दुसऱ्या वर्षी प्रमुखाला आडोसा द्यावा आणि तिसऱ्या वर्षी स्वतःसाठी शर्यत खेळावी. जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेच्या २.२ दर्जाची टप्प्यांची शर्यत झाल्यामुळे या शिडीची वरची पायरी आता दृष्टिपथात आहे. खालच्या पायऱ्या बांधण्याचे काम दोन्ही राज्यांच्या संघटनांचे आहे आणि ते टाळण्यासाठी घाट नसल्याचे कारण पुढे करण्याचा अधिकार यापुढे त्यांना उरत नाही.