इसबाची खाज आणि घरातील रात्र

‘खाजवू नकोस’ हे दोन शब्द इसब असलेल्या मुलाच्या कानी दिवसभर पडत असतात. आई सांगते, आजी सांगते, शाळेत बाई सांगतात. मूल हात मागे घेते, क्षणभर थांबते आणि पाहणाऱ्याची पाठ वळताच पुन्हा तेथेच नखे लावते. यात त्याचा हट्ट नसतो. डास चावल्याची खाज वेगळी आणि ही वेगळी; ही झोपेतही हात चालवते आणि सकाळी उशीच्या अभ्र्यावर रक्ताचे ठिपके दिसतात. मुलाबरोबर सारे घर जागते. वाचक बंधू-भगिनींनो, या विकाराविषयी आज थोडे विस्ताराने लिहावयाचे आहे, कारण येथे औषधाइतकेच घरातील समजुतींवरही पुष्कळ अवलंबून असते.

वैद्यकाच्या भाषेत याचे नाव ॲटॉपिक डर्मटायटिस. हे नाव १९३३ साली अमेरिकेतील फ्रेड वाइज आणि मॅरियन सल्झबर्गर या त्वचारोगतज्ज्ञांनी रूढ केले. आपल्याकडे इसब हा शब्द पूर्वापार आहे. परंतु बोलण्यात इसब, गजकर्ण आणि खरूज यांची सरमिसळ होते आणि तेथूनच चुकीच्या उपचाराला आरंभ होतो. गजकर्ण हा बुरशीचा संसर्ग. खरूज एका सूक्ष्म किड्यामुळे होते. ती बोटांच्या बेचक्यांत दिसते, रात्री उफाळते आणि घरातील इतरांनाही खाज सुटू लागते. इसब मात्र स्पर्शाने कोणालाही होत नाही. तान्ह्या बाळाच्या गालांवर, मोठ्या मुलाच्या कोपरांच्या व गुडघ्यांच्या लवणीत, प्रौढांच्या मानेवर, पापण्यांवर आणि हातांवर तो दिसतो. बहुतेकांत वयाच्या पाच वर्षांच्या आतच तो सुरू होतो. अशा मुलाला वेगळे ताट किंवा वेगळे अंथरूण देण्याचे काहीही कारण नाही.

मग हा येतो कोठून? ‘रक्त बिघडले’, ‘अंगात उष्णता आहे’ ही उत्तरे घरोघरी तयार असतात. २००६ साली स्कॉटलंडमधील डंडी येथील संशोधकांनी दाखवून दिले की, फिलॅग्रिन नावाचे त्वचेतील प्रथिन ज्यांच्यात जन्मतःच कमी पडते, त्यांच्यात हा विकार अधिक आढळतो. हे प्रथिन त्वचेचा बाहेरचा थर घट्ट आणि ओलसर राखते. प्रत्येक रुग्णात हेच कारण असते असे नाही, पण त्वचेचे वरचे आवरण कच्चे असणे ही गोष्ट जवळजवळ सर्वांत समान असते. गिलावा निघालेल्या भिंतीची कल्पना करावी. आतील ओल उडून जाते आणि बाहेरची धूळ, घाम, साबण, जंतू आत शिरतात. शरीर त्यांच्याशी झुंजू लागते, दाह होतो, खाज सुटते. खाजविल्याने उरलासुरला गिलावाही निघतो आणि खाज दुणावते. पुरळ पुष्कळदा या खाजविण्यातूनच उठते.

एवढे ध्यानी घेतले की पहिला उपचार आपोआप कळतो. गिलावा रोज भरावयाचा. त्वचा शांत दिसत असतानाही दिवसातून किमान दोनदा सर्वांगाला स्निग्ध मलम लावणे हा या उपचाराचा पाया आहे, आणि बहुतेक घरांत नेमके हेच राहून जाते. चट्टा उठला की मलम शोधायचे आणि तो ओसरला की ट्यूब कपाटात ठेवायची, अशी रीत पडलेली असते. प्रमाणाबाबतही हात आखडता असतो. ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत इसबाच्या मुलांसाठी आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम स्निग्ध मलम सांगितले आहे. आपण वीस ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरवितो! महागड्या सुगंधी लोशनाची गरज नाही; सुगंधाने उलट त्रासच होतो. साधी पांढरी पेट्रोलियम जेली किंवा तिच्यात लिक्विड पॅराफिन मिसळलेले मलम स्वस्त आहे आणि काम चोख करते. ज्यांना प्राणिज पदार्थ वर्ज्य आहेत त्यांच्यासाठी एक सूचना: काही मलमांत लॅनोलिन, म्हणजे मेंढीच्या लोकरीतील मेण, किंवा मधमाश्यांचे मेण असते. वेष्टनावरील घटक वाचावेत. लॅनोलिन काहींच्या त्वचेला सोसतही नाही. पेट्रोलियम जेली आणि लिक्विड पॅराफिन ही खनिज द्रव्ये आहेत.

स्नान कोमट पाण्याने, पाच ते दहा मिनिटांत आटोपावे. कढत पाणी अंगावर घेताना खाजेला फार बरे वाटते, पण तासाभराने ती दामदुप्पट होऊन परतते. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते आणि वडीचा नेहमीचा साबण चांगलाच अल्कधर्मी. म्हणून साबणविरहित सौम्य क्लेन्झर वापरावा. अंग पंचाने घासून पुसू नये, टिपून घ्यावे आणि ते ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांत, मलम लावावे. दिवाळीच्या अभ्यंगातील उटणे या मुलांच्या अंगाला खरखरीत घासले जाते आणि त्यातील सुगंधी द्रव्ये झोंबतात. त्यांना ते न लावलेलेच बरे. मोहरीचे तेल टाळावे. खोबरेल तेलाचा अनुभव चांगला आहे, मात्र फुटलेल्या, पाझरणाऱ्या चट्ट्यावर कोणतेच तेल चोळू नये. लिंबाचा रस आणि पाण्यात ओतलेले तीव्र जंतुनाशक ही तर शुद्ध शिक्षा होय.

आता स्टिरॉइड मलमाकडे वळू. याबाबत आपल्या समाजात दोन टोके दिसतात आणि दोन्ही घातक आहेत. एका घरी स्टिरॉइड हा शब्द ऐकताच ट्यूब कचऱ्यात जाते आणि मूल महिनोन्महिने तळमळते. दुसऱ्या घरी औषधाच्या दुकानातून चिठ्ठीवाचून आणलेली, तीव्र स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र कोंबलेली ट्यूब इसबाला, गजकर्णाला, मुरुमांना, इतकेच काय रंग उजळण्यासाठीही लावली जाते. चेहऱ्याची त्वचा पातळ होऊन लाल पडते, केशवाहिन्या दिसू लागतात आणि गजकर्ण असेल तर ते आतल्या आत पसरते. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने या गैरवापराविरुद्ध मोहीम चालविली आणि २०१८ साली केंद्र सरकारने अनेक स्टिरॉइड मलमांची चिठ्ठीविना विक्री बंद केली. तरी दुकानात जाऊन मागणारे आपणच असतो.

डॉक्टरांनी जागा, वय आणि चट्ट्याची तीव्रता पाहून दिलेले सौम्य वा मध्यम स्टिरॉइड ठरलेल्या दिवसांपुरते लावले, तर ते सुरक्षित असते. दाहाचा भडका लवकर विझतो आणि एकंदर औषध कमीच लागते. बोटाच्या अग्रापासून पहिल्या पेरापर्यंत काढलेली मलमाची रेघ मोठ्या माणसाच्या दोन तळव्यांएवढ्या त्वचेला पुरते; हे माप ध्यानात ठेवावे. बहुधा दिवसातून एकदाच लावणे पुरेसे असते. पापण्या, चेहरा अशा नाजूक जागी डॉक्टर टॅक्रोलिमस नावाचे स्टिरॉइडविरहित मलमही देतात; आरंभी काही दिवस ते चुरचुरते, त्याने घाबरून ते सोडू नये. पुन्हा पुन्हा त्याच जागी भडका उडत असेल, तर आठवड्यातून दोन दिवस तेथे औषध चालू ठेवण्याची पद्धत आहे. ती डॉक्टरांना अवश्य विचारावी.

‘पुरळ दाबू नका, आत गेली तर दमा होईल’ हे वाक्य अनेक घरांत वडीलधाऱ्यांच्या तोंडी असते. त्यामागे निरीक्षण खरे आहे, निष्कर्ष चुकीचा. इसब असलेल्या मुलांपैकी काहींना पुढे दमा किंवा ॲलर्जीची सर्दी होते, कारण या सर्वांची मूळ प्रवृत्ती एकच आणि ती पुष्कळदा आई-वडिलांकडून आलेली असते. त्वचेवर उपचार केल्याने रोग फुप्फुसात जात नाही. सासूबाईंना हे समजावून सांगणे सुनेला कठीण जाते. हे सदर त्यांच्यापुढे ठेवावे.

आहाराबाबतही असेच. बाळाला इसब दिसला की दूध बंद, मग दही बंद, मग शेंगदाणे आणि तूरडाळ बंद. ज्या घरात अंडी-मांसाला मुळातच स्थान नाही, तेथे मुलाच्या प्रथिनांचे हेच आधार असतात. ते एकेक करून काढून घेतले तर इसब तसाच राहतो आणि वाढ मात्र खुंटते. एखादा पदार्थ खाल्ल्यावर लगेच गांधी उठत असतील, ओठ सुजत असतील किंवा उलट्या होत असतील, तर तपासणी करावी. केवळ संशयावरून पथ्य लादू नये.

रात्रीसाठी काही उपाय. नखे आखूड कापून घासून ठेवावीत. अंगावर सैल सुती कपडे असावेत. थंडीत लोकरी स्वेटर थेट त्वचेवर घालू नये. मलम फ्रीजमध्ये ठेवून गार लावल्यास खाज निवते. ओल्या थंड फडक्याची घडी चट्ट्यावर काही मिनिटे दाबून धरावी. मुलाला ‘खाजवू नकोस’ म्हणण्याऐवजी हाताला दुसरे काम द्यावे: मुठी आवळून तीसपर्यंत अंक मोजायचे, मग खाजेच्या जागी तळवा नुसता दाबायचा. ही सवय शिकविण्याची पद्धत अभ्यासलेली आहे आणि मुले ती खेळासारखी उचलतात. ॲलर्जीच्या गोळ्यांनी गुंगी येते, पण इसबाची खाज मुख्यत्वे ज्या रसायनांमुळे होते त्यांवर त्यांचा फारसा परिणाम होत नाही. म्हणून गोळी चालू आहे या भरवशावर मलम टाळू नये.

चट्ट्यांतून पिवळसर पाणी येऊन खपल्या धरल्या तर जंतुसंसर्ग समजावा. तापाबरोबर एकसारख्या बारीक, दुखणाऱ्या फोडांचे पुंजके झपाट्याने पसरू लागले, तर नागिणीसारख्या विषाणूचा संसर्ग असू शकतो. त्यात सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

आणखी एक गोष्ट फार थोड्या घरांत ठाऊक असते. पेट्रोलियम जेली किंवा पॅराफिन मुरलेले कपडे आणि चादरी चटकन पेट घेतात आणि धुऊनही ते पूर्ण निघत नाही. मलम लावलेल्या मुलाला गॅसच्या शेगडीजवळ, समईजवळ किंवा फुलबाजीच्या ठिणग्यांत त्याच कपड्यांनिशी उभे करू नये.