किरायानामा आधी, रजिस्ट्री मागाहून

दाल बाजारात जुने घर विकायला निघाले की आपली मंडळी आधी भाव विचारतात, मग उजेड-वारा. खालच्या दुकानात व मागच्या खोल्यांत किरायेदार कोण, कोणत्या कागदावर बसला आहे, हे विचारणारे आम्हाला बँकेच्या काउंटरवर क्वचितच भेटतात.

रजिस्ट्री झाली म्हणजे घर रिकामे झाले, हा समज महागात पडतो. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 109 प्रमाणे खरेदीदार जुन्या मालकाच्या जागी येतो. किरायेदारी तशीच चालू राहते. त्यात मध्यप्रदेशच्या 1961 च्या स्थान नियंत्रण अधिनियमाने आणखी एक अट घातली. घर विकत घेणाऱ्याला ‘मला स्वतःला हवे आहे’ या कारणावर खरेदीपासून एक वर्ष दावाच लावता येत नाही. पुढे ती गरज कोर्टात सिद्ध करावी लागते. तोवर कर्जाचा हप्ता थांबत नाही आणि आपण राहतो त्या जागेचा किरायाही सुटत नाही.

म्हणून बयाणा देण्यापूर्वीच किरायानामा मागावा. ‘तो निघून जाईल हो’ हे तोंडी आश्वासन चालणार नाही. (असे म्हणणारे बहुधा आपलेच नातलग असतात!) पावती कोणाच्या नावे फाटते, अनामत किती व ती परत कोण करणार, हे वाचावे. मुदत वर्षाहून अधिक असेल तर नोंदणी हवीच. अकरा महिन्यांचे करार होतात ते ती टाळण्यासाठी.

रिकामा ताबा ठरला असेल तर तसे सौद्याच्या कागदात लिहून घ्यावे व शेवटची रक्कम किल्ली हाती आल्यावरच द्यावी. मालक रुसला तर रुसू द्यावा.